विषय: इसोगाई यांचे यापुढील आयुष्य

मोरिओ इसोगाई यांचा शिक्का जितका देखणा वाकायचा तितका आख्ख्या कंपनीत कोणाचा वाकत नसे.

यात कौतुक काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी आमच्याकडच्या एखाद्या कचेरीत एक दिवस काढावा. कागद कुठलाही असो, पंखा दुरुस्तीचा असो की संडासातल्या सपाता बदलण्याचा, त्याच्या माथ्यावर चौकोनांची एक रांग असते. उजव्या टोकाच्या चौकोनात कागद लिहिणाऱ्याच्या नावाचा शिक्का. मग एकेक पायरी चढत डावीकडे वरिष्ठांचे शिक्के, आणि अगदी डाव्या टोकाला अध्यक्षांचा. आता साहेब डावीकडे बसलेले असताना आपलं नाव ताठ मानेने शेजारी कसं उभं करणार? म्हणून शिक्का जरासा डावीकडे कलता मारायचा. नाव साहेबांपुढे कमरेत वाकल्यासारखं दिसतं. किती वाकवायचं हे कुठे लिहिलेलं नाही. कमी वाकलं तर उद्धटपणा, जास्त वाकलं तर थट्टा. इसोगाईंचं एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. नवी पोरं दुपारच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी येऊन मनगट कसं वळवायचं ते बघून जात. एकदा विक्री विभागातल्या एका नव्या मुलीने शिक्का सरळ मारला, तर तिच्या साहेबांनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

कंपनी बिजागऱ्या बनवायची. इसोगाई प्रशासन विभागात होते. प्रशासन म्हणजे ज्या कामांना दुसरा बाप नाही ती सगळी कामं.

चौपन्न वर्षांत तुम्ही आपल्या मनाने काय केलंत, असं कोणी विचारलं असतं तर इसोगाई बराच वेळ छताकडे बघत राहिले असते. शाळा आईने निवडली, कॉलेज मामांनी. नोकरी प्राध्यापकांनी लावली, कारण त्या वर्षी त्यांच्याकडे बिजागऱ्यांची एक जागा आली होती आणि हजेरीच्या यादीत इसोगाई पहिल्या पानावर होते. लग्न साहेबांच्या पत्नीने जमवलं. घर कंपनीच्या सोडतीत लागलं. कुत्रासुद्धा शेजारच्यांनी गाव सोडताना "ठेवून घ्या हो" म्हटलं म्हणून ठेवलेला, आणि त्याचं नावही आधीच ठेवून झालेलं. याचं त्यांना वाईट वाटत नसे. बायको चांगली निघाली होती, घरात ऊन येत होतं, कुत्रा चावत नव्हता. आणखी काय पाहिजे माणसाला?

पाहिजे होतं. तेच तर सांगायचं आहे.

दर शनिवारी सकाळी इसोगाई सायकलवरून नदीपलीकडे उमेनोआजींच्या दुकानात जात. आजी कोनयाकू बनवत. आमच्या डोंगरात सुरणाच्या जातीचा एक कंद होतो. तो उकडून, कुटून, पाणी घालून मळायचा आणि त्या चिकट लगद्यात चुन्याची निवळी घालायची. मग त्याच्या राखाडी, थलथलीत वड्या पडतात. त्यांना चव नाही, रंग म्हणावा तर तोही नाही, पण हिवाळ्यात रश्शात शिजवलेल्या त्या वडीशिवाय आमच्याकडे कोणाचा घास खाली उतरत नाही. अकरा वर्षांपूर्वी इसोगाई तिथे दोन वड्या विकत घ्यायला गेले होते. आजींनी न विचारता त्यांच्या हातात लाकडी फावडं दिलं, "जरा हे ढवळ, मी दूधवाल्याशी भांडून येते," म्हणाल्या आणि गेल्या. भांडण तासभर चाललं. तेव्हापासून इसोगाई ढवळत होते.

कंदाने हाताला सुरणासारखी खाज सुटते. सोमवारी कचेरीत ते टेबलाखाली हात चोळत बसायचे आणि त्यांना आतून गुदगुल्या झाल्यासारखं बरं वाटायचं. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. विचारायला कोणता अर्ज भरावा लागतो ते ठाऊक नव्हतं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी आजींनी वड्या थापायच्या लाकडी पाट्या धुताधुता सांगितलं, "मोरिओ, माझे गुडघे गेले. महिनाअखेर मी मुलीकडे सेंदाईला निघाले. विषुवाच्या सणाला, पितरांच्या दिवशी, शेवटचा घाणा काढायचा. दुसऱ्या दिवशी भंगारवाला मिनेगिशी कढई न्यायला येणार."

इसोगाईंनी मान वर केली. "कढई?"

"कढई, यंत्र, पाट्या, सगळं. नाहीतर तू घे."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे? मांजर? दुकान घे, घर घे, शिकायचं ते शिकून झालंच आहे. पण हो की नाही, ते सणाच्या सकाळपर्यंत तुझ्या तोंडाने सांग. तुझ्या तोंडाने हं."

इसोगाईंचे कान तापले. 'हो' हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. पण एकतीस वर्षांच्या सवयीने तो तिथून दुसऱ्याच वेशात बाहेर पडला. "संबंधितांशी विचारविनिमय करून योग्य ती कार्यवाही करतो," ते म्हणाले.

आजींनी ओलं फडकं त्यांच्या अंगावर भिरकावलं.

आमच्या भागात हिवाळाभर डोंगरावरून कोरडा वारा सुटतो आणि घराघरांत बायकांचं चालतं. दोन्हींबद्दल तक्रार करायची पद्धत नाही. म्हणून इसोगाईंना वाटलं, घरी बायको फुसाए काय ते ठरवून टाकेल आणि प्रश्न मिटेल. फुसाए वाहन चालवायला शिकवणाऱ्या शाळेत शिक्षिका होती. बावीस वर्षं ती शिकाऊ पोरांच्या शेजारी बसत होती, आणि तिचा आवाज दोन चौक पलीकडे ओळखू यायचा. तिने शिकवलेल्यांत परवाना न मिळालेला एकच माणूस होता, तो म्हणजे नवरा. परीक्षेच्या दिवशी चौकात समोरच्याला आधी जाऊ देता देता इसोगाईंची वेळ संपली होती.

जेवताना त्यांनी विषय काढला. "उमेनोआजी दुकान घे म्हणतायत. तुझं काय मत?"

"तुमचं काय?"

"तुझं कळलं की त्याप्रमाणे..."

फुसाएने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "अहो, हे बघा. शाळेच्या गाडीत माझ्या पायाशी एक ब्रेक असतो. स्टिअरिंग नसतं. पोरं घाबरली की माझ्याकडे बघतात, मॅडम, डावीकडे वळू का? मी म्हणते, कुठे जायचंय ते तुला माहीत, मी फक्त भिंतीवर आदळू देणार नाही. तुम्हाला दुकान हवंय का?"

"म्हणजे एकंदर परिस्थिती पाहता..."

"परिस्थिती गेली खड्ड्यात. हवंय का?"

इसोगाईंनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने तोंड फिरवलं.

"मी ब्रेक दाबणार नाही," फुसाए म्हणाली, "एवढंच माझ्याकडून. वाढू का अजून?"

रविवारी इसोगाई घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिले. आणि सोमवारी कचेरीत जाऊन त्यांनी ते केलं जे आमच्याशिवाय जगात दुसरं कोणी करणार नाही. कपाटातून प्रस्तावाचा कोरा फॉर्म काढला, आठ चौकोनांचा, आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'विषय: इसोगाई मोरिओ यांच्या उर्वरित आयुष्याबाबत.'

चेष्टा नव्हती. काहीतरी हवं असणं म्हणजे काय करायचं असतं, याचा त्यांना ठाऊक असलेला हा एकच मार्ग होता. पंखा हवा असला की फॉर्म, सपाता हव्या असल्या की फॉर्म. मग हे काय आकाशातून पडलं होतं? पर्यायांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: एक, आहे तसेच राहणे. दोन, आहे तसेच राहून शनिवारी जाणे. तीन, कोनयाकूचे दुकान चालवणे. संभाव्य धोके: कंबर, खाज, थंडी. अपेक्षित लाभ या रकान्यापाशी त्यांची पेन्सिल अडली. 'आनंद' असं लिहिलं, खोडलं. 'समाधान' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी घाम पुसून पुन्हा 'आनंद' लिहिलं आणि पुढे 'होण्याची शक्यता' जोडून त्याला थोडं सभ्य केलं. सोबत नमुना म्हणून एक वडी जोडली. उजव्या टोकाच्या चौकोनात आपला शिक्का सुरेख वाकवून मारला आणि कागद पाठवायच्या तबकात ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, कोणीतरी हसलं असेल. छे! फॉर्म बरोबर भरलेला होता. बरोबर भरलेल्या फॉर्मला आमच्याकडे कोणी हसत नाही.

विभागप्रमुख केनमोची यांनी त्यांना बोलावून घेतलं. केनमोची हा भला माणूस, फक्त वाक्य संपवताना त्यांना फार कष्ट पडत. "इसोगाईसान, प्रस्ताव छान आहे. म्हणजे मांडणी या दृष्टीने. पण ते 'उर्वरित' जरा... जड होतंय. वाचणाऱ्याला वाटेल की... नाही का?"

"बदलतो साहेब. 'यापुढील' करू?"

"यापुढील! वा. यात एक प्रकारची... हो."

'यापुढील आयुष्य' असा दुरुस्त फॉर्म पुन्हा निघाला. गुणवत्ता विभागाने नमुन्यातलं पाण्याचं प्रमाण विचारलं आणि वडी हजार वेळा दाबून पाहिली, कारण ते बिजागऱ्यांचं असंच करत. सुरक्षा विभागाने चुन्याचं काम करताना चष्मा लावणार का, अशी लेखी विचारणा केली. इसोगाईंनी 'लावीन' असं लेखी उत्तर दिलं. विक्री विभागाने 'रंग थोडा कमी राखाडी करता आल्यास हरकत नाही' असा शेरा मारून शिक्का वाकवला. हिशेब विभागाला इसोगाईंचं आयुष्य कोणत्या सदरात टाकावं ते कळेना. तीन दिवसांनी त्यांनी ते 'किरकोळ' मध्ये टाकलं.

कागदाच्या आधी माणसाने पोचायचं, ही आमची जुनी रीत. सभेत कोणाला नवल वाटता कामा नये. म्हणून इसोगाई रोज दुपारी एकेका टेबलाशी जाऊन वाकत, "ते माझ्या आयुष्याचं तेवढं बघून ठेवा," म्हणत आणि समोरचा "हो हो, आलंय माझ्याकडे," म्हणे.

मग सभा झाली. सणाला पाच दिवस उरले होते. मोठ्या टेबलाभोवती सात जण, आणि ओसाकाची शाखा फोनवर. कपाटावर लाल, गोल, बिनहातापायांचा दारुमा, नवसाचा बाहुला, बसला होता. काहीतरी नवस बोलून त्याचा एक डोळा रंगवला होता, काम झालं की दुसरा रंगवायचा होता. पण नवस काय होता हे सतरा वर्षांपूर्वीच सगळे विसरले, त्यामुळे तो बिचारा एकाच डोळ्याने सगळ्या सभा बघत असे. सभेचं इतिवृत्त लिहायला नेहमीप्रमाणे इसोगाई होते.

वडीच्या पातळ फोडी करून सगळ्यांना वाटल्या. सगळ्यांनी चघळलं.

"लवचिकता समाधानकारक," गुणवत्तावाले म्हणाले. इसोगाईंनी लिहून घेतलं.

"वय चौपन्न म्हणजे उशीर नाही का झाला?" हिशेबवाल्या बाईंनी विचारलं.

"पण लवकर असं तरी कसं म्हणणार?" केनमोची म्हणाले. यावर पंचवीस मिनिटं चर्चा झाली. इसोगाईंनी तीही लिहून घेतली.

फोनमधून ओसाका म्हणाली, "एक शंका होती. हे इसोगाई कोण?"

सगळ्यांनी इसोगाईंकडे पाहिलं. "मी," इसोगाई म्हणाले, आणि खाली मान घालून लिहिलं: इसोगाई कोण अशी विचारणा झाली. इसोगाई यांनी खुलासा केला.

"हां, तुम्ही का! मग तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?" ओसाकाने विचारलं. लांबची माणसं असं तोंडाला येईल ते बोलतात. केनमोचींनी घाईघाईने विषयपत्रिका चाळली. "तो मुद्दा आज... विषयपत्रिकेवर नाही."

इसोगाईंना इतकं हायसं वाटलं, की त्यांना स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आला. पेन्सिलचं टोक मोडलं. पण टोकदार पेन्सिली नेहमी पाच असत, त्यांनी दुसरी घेतली.

सभेअखेरपर्यंत सहा शिक्के पडले. इसोगाईंचा धरून सात. सगळे अदबीने डावीकडे कललेले. आठवा चौकोन अध्यक्षांचा. कागद वर गेला आणि इसोगाई वाट पाहू लागले. रोज संध्याकाळी फुसाए विचारी, "काय हो, सापडलं का तुमचं आयुष्य?" आणि ते म्हणत, "वर गेलंय." "देवाघरी गेल्यासारखं सांगताय," ती म्हणे.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी अध्यक्षांनी बोलावलं. अध्यक्ष सत्त्याहत्तर वर्षांचे. वडिलांची कंपनी, वडिलांची खुर्ची, खुर्चीवरची उशीसुद्धा वडिलांची. समोर इसोगाईंचा फॉर्म पडला होता, डावा चौकोन कोरा.

"बसा, इसोगाई. हे सगळं वाचलं मी. फार नीट लिहिलंय."

"आभारी आहे."

"पण मी शिक्का मारू शकत नाही."

इसोगाईंच्या डोळ्यांपुढे मिनेगिशीच्या टेम्पोत चढणारी कढई उभी राहिली. "काही त्रुटी असेल तर आजच दुरुस्त करून..."

"त्रुटी नाही. नियम आहे. तुम्हीच टंकलेला, चौदाव्या पानावर. शेवटच्या चौकोनात त्याचाच शिक्का, ज्याला पुढे सगळं निस्तरावं लागेल. पंखा पडला तर मी निस्तरीन. तुमचं कोनयाकू बिघडलं तर मी काय करणार? मला तर ते आवडतही नाही. दाताला चिकटतं." अध्यक्षांनी फॉर्म हातात धरून दूर नेला, जवळ आणला. "आणि हे बघा. सात माणसं वाकली आहेत. पुढे कोण आहे? कोणी नाही. मोकळी जागा. सात जण मोकळ्या जागेला मुजरा करतायत."

इसोगाईंनी पाहिलं. खरंच तसं दिसत होतं. सगळ्यांत सुंदर वाकलेला शिक्का त्यांचा स्वतःचा होता.

ते फॉर्म घेऊन दारापर्यंत गेले तेव्हा अध्यक्ष मागून म्हणाले, "इसोगाई, असा एखादा कोरा फॉर्म आहे का हो तुमच्याकडे जास्तीचा?"

"कशासाठी साहेब?"

"सहज," अध्यक्ष म्हणाले आणि उशी सारखी करू लागले. इसोगाईंनी त्यांना दोन फॉर्म नेऊन दिले. एक चुकला तर असावा म्हणून.

सणाच्या सकाळी वारा असा होता, की सायकल पुढे जाण्याऐवजी आडवीच जात होती. इसोगाईंनी फॉर्म कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता, शिक्का विजारीच्या. मनात काहीच ठरलेलं नव्हतं. पोचेपर्यंत ठरेल असं त्यांना वाटत होतं. पोचले तरी ठरलं नव्हतं.

दुकानाबाहेर पितरांच्या नैवेद्यासाठी कोनयाकू न्यायला दहाबारा माणसं पातेली घेऊन उभी होती. आणि आत मिनेगिशी फीतपट्टीने कढई मोजत होता.

"हा उद्या येणार होता ना?" इसोगाईंचा आवाज चिरका निघाला.

"उद्या वारा वाढणार म्हणतायत," मिनेगिशी म्हणाला. "घाणा उतरला की आजच उचलतो. तुम्हाला काही हरकत?"

इसोगाईंनी आजींकडे पाहिलं. आजी उलट्या खोक्यावर बसून गुडघे चोळत होत्या. "बोल," त्या म्हणाल्या. "हो की नाही?"

इसोगाईंनी दोन्ही हातांनी, वाकून, फॉर्म पुढे केला. आजींनी तो ओल्याच हाताने धरला, उलटा, मग सुलटा. "इतक्या लोकांना विचारलंस? हे सगळे वाकडे का?"

"आदर असतो तो, आजी."

"कोणाचा?"

आजींनी फॉर्म शेजारच्या फळीवर टाकला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर चुन्याच्या निवळीचं भांडं ठेवलं. "लगदा तयार आहे. हात धू."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. कोनयाकूत सगळं त्या एका क्षणावर असतं. निवळी लवकर पडली तर वडी धरत नाही, उशिरा पडली तर दगड होतो. निवळी पडली की लगदा आधी फाटल्यासारखा होतो आणि घाबरून हात थांबला की संपलं. एकदा घातलेला चुना परत काढता येत नाही. अकरा वर्षं इसोगाईंचे हात लगद्यात असत आणि आजी तोंडाने "आता!" म्हणत. इसोगाई निवळी ओतत. "आता" कधी असतं हे त्यांना ठाऊक होतं. आजींच्या आधी श्वासभर त्यांना कळायचं. पण म्हणायच्या आजी.

ते मळू लागले. लगदा सैल होता, मग जड झाला, मग बोटांना ओढू लागला. इसोगाईंनी भांड्यावर हात ठेवला आणि आजींकडे पाहिलं.

आजी खिडकीबाहेर बघत होत्या.

"आजी?"

आजींनी सावकाश कानातलं श्रवणयंत्र काढलं, एप्रनला पुसलं, आणि खिशात टाकलं.

"आजी! घालू का?" इसोगाई ओरडले. आजी प्रसन्नपणे हसल्या. इसोगाईंनी मिनेगिशीकडे पाहिलं. मिनेगिशीने फीतपट्टी गुंडाळत हात वर केले, "मला भंगारातलं विचारा." त्यांनी दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. रांगेतले दहाबारा लोक त्यांच्याकडे बघत होते, पातेली पुढे धरून. बोटांखालचा लगदा घट्ट होत चालला होता. त्यांचा क्षण येऊन उंबऱ्यात उभा राहिला, आणि उंबऱ्यातून परत फिरायला लागला.

"अरे देवा!" इसोगाई म्हणाले आणि त्यांनी निवळी ओतली.

लगदा फाटला. भुसभुशीत, चिंध्याचिंध्या, जणू झालं वाटोळं. पण इसोगाईंचे हात थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही कोपरांपर्यंत हात घालून ते सगळं खालून वर, खालून वर घेतलं. काकुळतीला येऊन, रागावून, दात खाऊन. आणि कुठल्याशा फेऱ्याला ते जुळून आलं. चकचकीत, राखाडी, जड. त्यांनी ते पाट्यांत थापलं, वरून हात फिरवला, आणि तोंडातून आवाज न काढता रडले. किती बरं वाटत होतं ते कोणाला सांगणार? आजींना ऐकू येत नव्हतं.

हात धुऊन त्यांनी फळीवर चिकटलेला फॉर्म घेतला. त्यावर भांड्याचं ओलं कडं उमटलं होतं. खिशातून शिक्का काढला, लाल शाई लावली आणि आठव्या चौकोनावर धरला. मनगट आपोआप डावीकडे कललं. कललेलं मनगट बघत ते उभे राहिले. डावीकडे काय होतं? कागदाची कड, मग फळी, मग भिंत. भिंतीपुढे वाकायचं कारण त्यांना सुचेना. त्यांनी मनगट सरळ केलं आणि शिक्का दाबला.

ताठ उभं राहिलेलं आपलं नाव त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. उजव्या टोकाला तेच नाव सगळ्यांच्या मागे राहून कमरेत वाकलं होतं.

"मग कढईचं काय?" मिनेगिशीने विचारलं. त्याच्या हातात वही होती. "नेणं रद्द असेल तर रद्द लिहावं लागतं. कोणी रद्द केलं म्हणून लिहू? आजींनी?"

"नाही. इसोगाई लिहा. मी केलं. कढई राहणार."

आजींनी यंत्र कानात घातलं. "काय म्हणालास?"

"दुकान घेतो म्हणालो."

"वाऱ्यात ऐकू येत नाही बाई."

"दुकान घेतो!" इसोगाईंनी इतक्या जोरात सांगितलं, की रांगेतल्या एका बाईच्या हातातलं पातेलं पडलं. आजींना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं, असा मिनेगिशीचा आजही दावा आहे.

कंपनीतून सुटणं सोपं निघालं. राजीनाम्याच्या कागदाला चौकोनच नसतात, आणि साठलेली रजा चाळीस दिवसांची होती. केनमोचींनी निरोपादाखल एकडोळ्या दारुमा दिला. "आम्हाला वाटतं, तो नवस बहुधा हाच... निदान असायला हरकत..." दुसरा डोळा कोणी रंगवायचा यावर एकमत झालं नव्हतं. घरी फुसाएने एवढंच विचारलं, "वळलात?" आणि ते "वळलो" म्हणाले, तेव्हा तिने त्यांच्या खाजऱ्या हातांना मुकाट्याने मलम लावलं आणि बराच वेळ हात सोडले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. सणाच्या दुसऱ्याच सकाळी तांदळाच्या दुकानाचे म्हातारे मालक एका हातात वडी आणि दुसऱ्या हातात आपली कवळी घेऊन आले. कवळी हातात असल्यामुळे त्यांचं बोलणं नीट कळत नव्हतं, राग मात्र कळत होता. ती त्यांनी तोंडात बसवली आणि वडी फळीवर आपटली. वडी उसळली.

"हे कोनयाकू आहे की टायर? पितरांनी उष्टावलं नाही! साठ वर्षं इथून नेतोय, असं कधी झालं नाही. चुना उशिरा घातलाय, उशिरा! कोणी घातला?"

रांग पुढे सरकली, कान देऊन. इसोगाईंनी सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे खोक्यावर आजी बसल्या होत्या. यंत्र कानात नव्हतं.

"मी घातला," इसोगाई म्हणाले. आणि मग ते स्वतः वाकले, कमरेतून, शिक्क्यासारखे वाकडे नव्हे तर समोर, कपाळ फळीला टेकेपर्यंत. "मी केलेलं आहे ते. चुकलं माझं. उद्या बरोबर करतो."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण?"

"इसोगाई. दुकान माझं आहे."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि वडी परत कागदात गुंडाळू लागला. "उद्या येतो मग. मऊ करा जरा."